डावं यंत्र, उजवं यंत्र

डावं यंत्र वाचतं आणि उजवं लिहितं. रेव्हन्सक्लफ विद्यापीठाच्या विद्यार्थी टीव्ही केंद्रात नवीन आलेल्याला चहा कुठे मिळतो हे सांगण्याआधी ही एवढी गोष्ट शिकवत. कॅमेऱ्यातून आलेली मूळ टेप डाव्या यंत्रात घालायची, आणि तिच्यातले हवे ते तुकडे उजव्या यंत्रातल्या टेपवर उतरवायचे. मूळ टेप उजव्यात कधी म्हणजे कधी घालायची नाही. शिवाय चित्रण करून आणलं की कॅसेटच्या पोटातलं लाल बटण काढून फडताळावरच्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचं. ते बटण नसलं की यंत्राला त्या टेपवर काही लिहिताच येत नाही. टेपा महाग, केंद्र गरीब, आणि विद्यार्थी धांदरट, म्हणून हे सगळे नियम.

हेझल ऑर्मरॉड तिसऱ्या वर्षाला होती आणि केंद्राचं संकलन तिच्या हाती होतं. या नियमांवरून तिचा ओरडा खाल्ला नाही असा एकही जण तिथे नव्हता. तीच हेझल त्या बुधवारी दुपारी, विद्यार्थी युनियनच्या बारखालच्या तळघरात, मुरंब्याच्या बरणीत बोटं घालून लाल बटण शोधत होती. हाताला घाम सुटला होता आणि बटण सारखं निसटत होतं.

तिच्या मागे दाराला पाठ लावून तिचा धाकटा भाऊ रसेल उभा होता.

झालं होतं ते असं. दोन आठवड्यांपूर्वी वसतिगृहाची भाडी वाढली म्हणून मुलांनी कचेरीची इमारत ताब्यात घेतली आणि जिन्या-जिन्यात पथाऱ्या पसरल्या. मागच्या जिन्यावर केंद्राचा एक कॅमेरा स्टँडवर चालू ठेवलेला होता. पुढच्या दाराशी पोलीस आल्याची ओरड झाली तेव्हा कॅमेरावाल्यासकट झाडून सगळे तिकडे पळाले. मागे उरला रसेल, आणि मागचं दार लावायला आलेला म्हातारा पहारेकरी विल्फ एन्टविसल. थोड्या वेळाने अँब्युलन्सवाले आले तेव्हा एन्टविसल जिन्याच्या तळाशी बेशुद्ध पडलेला होता. मनगट मोडलेलं, डोक्याला खोक. रसेलचा पत्ता नव्हता.

शुद्धीवर आल्यावर एन्टविसलने सांगितलं की ऑर्मरॉडच्या पोराने मला ढकललं. रसेल म्हणाला, मी हातसुद्धा लावला नाही, ते स्वतःच पाय घसरून पडले. प्रकरण शिस्तपालन समितीपुढे गेलं. ढकलल्याचं सिद्ध झालं तर रसेलचं नाव विद्यापीठातून कायमचं कमी होणार होतं. ऑर्मरॉडांच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली ही दोनच माणसं. गिरणी बंद पडल्यापासून बाप घरी बसून होता, आणि आई भेटेल त्याला सांगायची की आमची दोन्ही पोरं युनिव्हर्सिटीत आहेत, दोन्ही.

आणि हेझलने काय करावं? हात दाखवून अवलक्षण. भावाच्या शब्दावर विसंबून ती स्वतःच कुलसचिवांच्या कचेरीत गेली आणि म्हणाली, आमच्याकडे मागच्या जिन्याची टेप आहे, ती बघा म्हणजे खरं-खोटं कळेल. टेप तोवर कुणी पाहिलेली नव्हती. सगळं केंद्र पुढच्या दारावरची पोलिसांची दृश्यं जोडण्यात गर्क होतं. रिकाम्या जिन्यात कुणाला रस? बुधवारी दोन वाजता समिती बसणार आणि त्याआधी कचेरीतल्या मिसेस पिकर्सगिल येऊन टेप घेऊन जाणार असं ठरलं.

त्या सकाळी हेझलने ती टेप पहिल्यांदा डाव्या यंत्रात घातली. जिन्याच्या माथ्यावर रसेल आणि एन्टविसल हुज्जत घालताना दिसत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पुढच्या दारावरच्या घोषणांचा गलकाच तेवढा भरलेला. मग एन्टविसल खाली कोसळला. सरळ चालवलं तर पाय गेल्यासारखंच वाटत होतं. हेझलने निःश्वास टाकला, आणि केवळ सवयीने, संकलन करणाऱ्याच्या खोडीने, यंत्रावरची चकती हाताने मागे फिरवून एकेक चित्र पाहिलं. रसेलचे दोन्ही तळहात म्हाताऱ्याच्या छातीवर होते. बोटं फाकलेली, कोपरं ताठ. मागे कुणी नाही, शेजारी कुणी नाही. शंकेला जागाच नव्हती.

 पण टेप पुढे चालू राहिली, आणि पुढे जे होतं ते तिने तीनदा पाहिलं. रसेल जिना उतरून धावत गेला, पडद्याबाहेर नाहीसा झाला, बहुधा पहारेकऱ्यांच्या खोलीतल्या फोनकडे. परत आला. फरशीवर बसला. म्हाताऱ्याचं रक्ताळलेलं डोकं त्याने मांडीवर घेतलं आणि त्याचा चांगला हात दोन्ही हातांत धरून तो तसाच बसून राहिला. मधूनच त्याचे ओठ हलत होते. बराच वेळ. पुढच्या बाजूने अँब्युलन्सवाले येत असल्याची चाहूल त्याला लागली तेव्हा कुठे त्याने ते डोकं जपून खाली ठेवलं आणि तो मागच्या दाराने पळाला.

तिने रसेलला बोलावून घेतलं. तो आला, पण पडद्याकडे बघेना.

"मला नाही बघायचं. मला माहितीय काय आहे ते."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"तू ताई कमी आणि पोलीस जास्त आहेस म्हणून." एवढं बोलून तो खाली बसला आणि रडवेला झाला. "तो म्हातारा मला म्हणाला, तुझ्यासारख्यांनी घाम गाळावा, इथे काय करतोयस. आपल्याच गावचा माणूस गं, आपल्यासारखंच बोलणारा. माझं डोकं फिरलं. हेझल, दोन सेकंदांची गोष्ट आहे ती."

दोन सेकंद. हेझलच्या डोक्यात तो हिशेब त्याने म्हणायच्या आधीच सुरू झाला होता, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. तेवढे दोन सेकंद झाकायचे. त्यांच्या जागी आधीच्या हुज्जतीचा एक तुकडा बसवायचा. पुढचं सगळं राहू द्यायचं, विशेषतः ते मांडीवर डोकं घेऊन बसणं. समितीला दिसेल की म्हातारा बोलता बोलता पडला आणि पोराने त्याची सेवा केली. पळून का गेला, तर घाबरला. शेवटी एकोणीस वर्षांचा पोर.

ते चूक होतं हे तिला कळत होतं. पण भाऊ तिचा होता, आणि म्हाताऱ्याचं मनगट काय, जुळेल, असं तिने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

काम तसं सोपं होतं, फक्त उलटं. आधी हुज्जतीचा तुकडा दुसऱ्या टेपवर उतरवून घ्यायला हवा. तिने फडताळावरून एक वापरलेली टेप काढली. अशा टेपांवर केंद्रातले लोक पुन्हा वापरण्याआधी पहिल्यापासून शेवटपर्यंत काळोख भरून ठेवत. ती टेप उजव्या यंत्रात गेली, मूळ टेप डाव्यात. दोन्ही यंत्रांच्या मधोमध जो नियंत्रणाचा खोका होता, त्यावर एक खटका होता. तो एका बाजूला केला की यंत्र 'असेंबल' करायचं, म्हणजे तुम्ही थांबवेपर्यंत पुढे लिहीत सुटायचं, वाटेत येईल ते गिळत. दुसऱ्या बाजूला केला की 'इन्सर्ट', म्हणजे नेमून दिलेल्या जागेपुरतंच चित्र बसवायचं आणि आपलं आपण थांबायचं. तुकडा उतरवायला असेंबल पुरे. तिने खटका तिकडे लोटला, हुज्जतीचं थोडं चित्र उतरवलं आणि यंत्र थांबवलं.

मग टेपांची अदलाबदल. तुकड्याची टेप डाव्यात. आणि मूळ टेप, लाल बटण पोटात परत दाबून बसवलेली, उजव्यात. यंत्राने ती आत ओढून घेतली. आतली चाकं फिरली, टेप आपल्या वाटेने गुंडाळली जाण्याचा तो ओळखीचा खडखडाट झाला. इतकी वर्षं जो आवाज ऐकून तिला बरं वाटायचं, तो आज तिला ऐकवेना.

"ती बाई कधी येणार?" रसेलने विचारलं.

"एक वाजता. दाराशी थांब आणि गप बस."

वर बारमध्ये कुणीतरी पिंपं गडगडत नेत होतं. प्रत्येक गडगडाटाला रसेल दचकत होता. चोराच्या मनात चांदणं. हेझलने चकती फिरवून जागा धरली: तळहात छातीला टेकण्याच्या एक चित्र आधी सुरुवात, शरीर कलल्यावर शेवट. आकडे दोनदा तपासले. बटण दाबलं. दोन्ही यंत्रं नेहमीप्रमाणे आधी थोडी मागे गेली, थबकली, आणि मग जोडीने पुढे सुटली. उजव्या यंत्रावरचा लाल दिवा लागला.

त्याच क्षणी जिन्यावर टाचांचे बूट वाजले.

"आली," रसेल कुजबुजला. "हेझल, लवकर आली ती."

"दार धर. आत नको येऊ देऊस. सांग, टेप गुंडाळतेय."

तो दार किलकिलं करून बाहेर डोकावला. मिसेस पिकर्सगिलचा आवाज आला, त्यांना म्हणे समितीआधी दुसरंही काम होतं, टेप आत्ताच मिळाली तर बरं. रसेल काहीतरी अडखळत बोलत, भलतंच, हवेबद्दल, त्यांना आठ-दहा मिनिटं थोपवून राहिला. हेझल मान वळवून दाराकडे बघत राहिली, तो काय बोलून बसतोय या धास्तीने. यंत्राची तिला काळजी नव्हती. दोन सेकंदांनी ते आपलं आपण थांबणार होतं.

ते थांबलं नाही.

तिच्या कानांना ते आधी कळलं. थांबताना होणारा तो ठोका आलाच नव्हता. ती गर्रकन वळली. लाल दिवा जळत होता, आकडे पळत होते, आणि उजव्या पडद्यावर नुसता काळोख होता. डावीकडचा तुकडा केव्हाच संपला होता, त्याच्या पुढचा कोरा काळोख यंत्र इमानेइतबारे मूळ टेपवर लिहीत चाललं होतं. खटका असेंबलवरच होता. तिनेच केलेला, आणि परत फिरवायचा राहिलेला.

तिने बटणावर मूठच आपटली. यंत्र थांबलं. मग तिने टेप मागे घेतली आणि चालवली. हुज्जत होती. मग अंधार. अंधार, अंधार, अंधार. मग पडदा फाटल्यासारखी पांढरी वेडीवाकडी रेघोटी, आणि एकदम अँब्युलन्सवाले, स्ट्रेचर उचलताना. तळहात गेले होते. कोसळणं गेलं होतं. धावत उतरणं, फोनकडे जाणं, मांडीवरचं डोकं, धरलेला हात, सगळं गेलं होतं. पोरगा चांगला होता हे दाखवणारी जगात जी काय एक गोष्ट होती, ती त्याच्या बहिणीने आपल्या हाताने पुसली होती.

रसेल दार लोटून आत आला आणि त्याने पडदा पाहिला. आज पहिल्यांदाच.

"सगळंच गेलं?" त्याने हळूच विचारलं. आणि मग, तिला अजिबात आवडलं नाही अशा आवाजात, "म्हणजे... काहीच दिसत नाही तर. मग झालंच की काम."

 हेझलने सवयीने लाल बटण काढून बरणीत टाकलं आणि टेप मिसेस पिकर्सगिलच्या हातात दिली.

समिती वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत बसली. अध्यक्ष डॉक्टर हॅलम भूगर्भशास्त्राचे, संथ बोलणारे, कुणाला न दुखवणारे गृहस्थ. एन्टविसल एका बाजूला, हात गळ्यात बांधलेला, रविवारचा सूट घातलेला. त्याने कसं घडलं ते थोडक्यात सांगितलं. मग टेप दाखवली गेली. हुज्जत झाली, अंधार झाला, रेघोटी आली, स्ट्रेचर आलं. हॅलमनी विचारलं, मधे काय झालं? हेझल केंद्राची माणूस म्हणून तिथे बसली होती. तिने सांगितलं की टेपमध्ये दोष आहे. कुणालाच नवल वाटलं नाही. केंद्राच्या कार्यक्रमांत पडदा काळा होणं हे विद्यापीठात हसण्यावारी नेण्याइतकं नेहमीचं होतं.

रसेलच्या वतीने युनियनचा पिअर्स नावाचा कायद्याचा विद्यार्थी उभा राहिला. हुशार पोरगा, नको तितका. त्याने अगदी नम्रपणे एन्टविसलला विचारलं, त्या दिवशी दुपारी तुम्ही क्लबात गेला होता ना? एक ग्लास बिअर घेतली असेल? का दोन? जिन्यावर दिवा मंद होता ना? डोक्याला मार लागला की आठवणी सरमिसळ होतात असं तुमचे डॉक्टरच म्हणाले ना?

प्रत्येक प्रश्नागणिक म्हातारा खुर्चीत लहान होत गेला. आधी तो ठाम होता, मग नुसता हट्टी, मग गोंधळलेला. रसेलकडे त्याने पाहिलं. रसेल टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"मला तर वाटलं की ढकललं," एन्टविसल म्हणाला. "छातीवर हात लागल्यासारखं... पण तुम्ही शिकलेली माणसं म्हणताय तर... पडलो असेन. म्हातारा झालोय. बायकोही म्हणते, मी हल्ली विसरतो." तो ओशाळं हसला. "पोराला उगीच त्रास झाला असला तर माफ करा."

हेझलला ते सहन झालं नाही. मनगट जुळेल असं ती स्वतःला म्हणाली होती. पण हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावून घरी चालला होता, वर माफी मागून. ती उभी राहिली.  रसेलने मान वर केली आणि त्याला ती काय करणार ते कळलं. त्याने मान हलवून नको म्हटलं नाही. नुसता बघत राहिला.

"तुम्ही पडला नाहीत, मिस्टर एन्टविसल," ती म्हणाली. "रसेलने तुम्हाला ढकललं. दोन्ही हातांनी. मी टेपवर पाहिलंय. टेपमध्ये दोष नव्हता, ती मी पुसली."

पिअर्सने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मिसेस पिकर्सगिल टिपणं घेत होत्या, त्यांनी हे वाक्य अक्षरशः उतरवून घेतलं.

मग हेझलने दुसरं सांगितलं. फोनकडे धावणं, परत येणं, मांडीवरचं डोकं, धरून ठेवलेला हात, अँब्युलन्स येईपर्यंतचं ते बसून राहणं. तेवढंच राखायचं होतं, तेच चुकून गेलं, असं ती म्हणाली. सांगताना तिला रडू आलं आणि त्या रडण्याने सगळंच बिघडलं. खरं बोलणारा माणूस रडला की खोटा वाटतो. मिसेस पिकर्सगिलचं पेन या वेळी हललं नाही. त्या अध्यक्षांकडे बघत थांबल्या.

डॉक्टर हॅलमनी चष्मा काढला. "मिस ऑर्मरॉड, पहिली गोष्ट तुम्ही सख्ख्या भावाविरुद्ध सांगितलीत. ती मी खरी धरतो. दुसरी त्याच्या बाजूची आहे. ती पाहणाऱ्या एकट्या तुम्ही, आणि तिचा पुरावा तुम्हीच नष्ट केलात. मी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?"

 हॅलम एन्टविसलकडे वळले आणि त्यांनी विचारलं, पडल्यानंतरचं काही आठवतं का, कुणी जवळ होतं का. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्यावर खिळल्या. त्याने खरंच आठवून बघितलं. डोळे मिटून, मनापासून. तो प्रामाणिक माणूस होता आणि तेच वाईट झालं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "फरशी गार होती, एवढंच आठवतंय."

निकाल लागायला वेळ लागला नाही. रसेलचं नाव कमी झालं. हेझलचं काय करायचं ते पुढच्या बैठकीवर गेलं. बाहेरच्या बोळात दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. ती त्याला काही म्हणायला गेली, पण तोच आधी बोलला.

"किती वेळ बसलो होतो गं मी? मला वाटत होतं, मी लगेच पळालो. रोज रात्री तेच दिसतं, मी पळतोय."

"बराच वेळ बसला होतास. तू त्यांच्याशी काहीतरी बोलत होतास."

"काय?"

"ते ऐकू येत नव्हतं."

त्याने मान डोलावली. मग खिशातली चिल्लर काढून तिच्या हातावर ठेवली. "आईला तू फोन कर. माझ्याच्याने नाही होणार. आणि ढकललं तेही सांग. लपवू नकोस."

कोपऱ्यावर फोनचं लाल बूथ होतं. हेझल आत गेली, नाणं घातलं आणि नंबर फिरवला. पलीकडे दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला. आई त्याच्याजवळच बसून असणार. हेझलने दुसरी गोष्ट आधी सांगितली, मांडीवरच्या डोक्याची.